तिसरी पिन

देऊळगाव राजा
२० ऑक्टोबर २०२४

चि. प्रेरणास,
शेषरावमामाचा आशीर्वाद.

परवा तू हरिओमच्या फोनवर अर्धा तास बोलली म्हणे. मी समोरच बसेल होतो. फोन ठेवल्यावर त्याले विचारलं तर त्यानं अंगठा वर करून दाखवला. म्हणजे सगळं ठीक. अर्ध्या तासातून माझ्या वाट्याले एक अंगठा आला. म्हणून हे पत्र लिहून राह्यलो. एकतीस वर्षं मेहकर डेपोच्या गाड्या चालवल्या, त्या इंजिनानं आधी डावा कान नेला, मंग उजवा. कानाले यंत्र लावलं तर नुसती घरघर ऐकू येते. मोबाइलवर बोटं चालत नाहीत. पत्र मात्र मी दोनदा-तीनदा वाचू शकतो, आन् ते हरिओमच्या हातातून येत नाही.

तुझी आई गेल्यावर तू या घरात राहून डिप्लोमा केला. मामीले वाटते पोरगी काल गेली. चाकणले दोन वर्षं झाली, पण तू तिथं नेमकं काय करते ते मले अजून कोणी नीट सांगितलं नाही. हरिओम म्हणते, 'गाडीत आरसे बसवते.' बाजूचे आरसे का? ते तर मीबी बसवत होतो, तारेनं बांधून.

दुसरं. हरिओम आता सत्तावीसचा झाला. मोटार रिवायंडिंगचं दुकान बरं चालू हाये. तू मागं मामीले सुलतानपूरच्या एका पोरीचं सांगितलं होतं, तुझ्याबरोबर कामाले हाये ती. समाज आपलाच हाये. पोरगी कशी हाये ते मले खुलाशानं कळवजो. तू म्हणशीन तर मी पाहायले जातो, नाही म्हणशीन तर विषय बंद.

यात्रा सुरू हाये. घरात पाहुणे भरेल हायेत. मले ऐकू येत नसल्यानं सगळ्यात सुखी मीच हाये.

तुझा मामा
शेषराव

०

चाकण
३ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न.

पत्र वाचून हसू आलं आणि मग रडूही. दिवाळीला येता आलं नाही. ऑर्डर मोठी होती, सुट्टी दोनच दिवसांची मिळाली.

मामा, बाजूचे आरसे नाहीत. तुम्हाला आवडेल असं काम आहे, नीट सांगते. नव्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरला वेग बघायला मान खाली घालावी लागू नये म्हणून आकडा समोरच्या काचेत दिसतो. काचेवर चिकटवल्यासारखा नाही, तर बोनेटच्या पुढे, रस्त्यावरच तरंगतोय असा. डॅशबोर्डच्या आत एक छोटा पडदा असतो. त्यावरचा आकडा एका आरशावर पडतो. आरसा परातीसारखा किंचित खोलगट. तो आकडा मोठा करून काचेकडे फेकतो. हा आरसा त्याच्या जागी बसवायचा, एवढंच माझं काम.

एवढंच म्हणते, पण त्यात सगळा जीव आहे. स्क्रूनं आवळला तर आरसा वाकतो, म्हणून डिंकानं बसवतात. आधी तो फिक्श्चरमध्ये, म्हणजे एका लोखंडी साच्यात, तीन पिनांवर टेकवायचा. मग तीन ठिकाणी डिंकाचे थेंब द्यायचे आणि निळा दिवा धरून ते वाळवायचे. पिना बरोबर तर आरसा बरोबर. एखादी पिन केसभर जरी खालीवर झाली, तर काचेतला आकडा तिरका होतो, नाहीतर एकाचे दोन दिसतात. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक मापाचा आरसा साच्यात ठेवून तपासायचं, तक्त्यावर सही करायची, मगच कामाला हात लावायचा. आरशाला उघडा हात लावायचा नाही. माझ्या हातचा एकही आरसा अजून परत आलेला नाही. लाइन लीडरच्या जागेसाठी साहेबांनी माझं नाव पुढे केलंय.

आता समीक्षाबद्दल. मी पहिल्या पाळीत, ती दुसऱ्या. दुपारी तीनला ती येते आणि मी तिच्या हातात साचा देते. वडील तुळशीराम, भाजीपाला पिकवतात. आई सुभद्राबाई. घरातून नोकरीला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. वडील तयार नव्हते, मीच फोनवर त्यांची समजूत घातली होती. बोलते कमी. खोलीत आम्ही चौघी आहोत, पण कुणाच्या आजारपणात रात्रभर बसणारी तीच. हात इतका स्थिर की साहेब नव्या मुलींना तिचं काम बघायला उभं करतात.

मामा, तुम्ही जा. माझ्या शब्दावर जा.

तुमची
प्रेरणा

०

देऊळगाव राजा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रेरणास,
आशीर्वाद.

जाऊन आलो. समीक्षा चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती, तेव्हाच गेलो. मी, मामी आन् हरिओम.

तुळशीराम माणूस सरळ हाये. बोलायले तोंड उघडते तेव्हा कामाचंच बोलते, असं मामी म्हणाली. मले तर तोंड हललेलं दिसलं तेवढंच. सगळे बोलत होते आन् मी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहत होतो. मले सवय हाये. मंग ती पोरगी चहा घेऊन आली. माझ्याकडे पाह्यलं, आत गेली, कॅलेंडरचं जुनं पान फाडून आणलं आन् त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मामा, इथं तुमच्या नोकरीचं बोलणं चालू आहे. बाबा विचारतात, घाटात भीती वाटायची का?'

प्रेरणा, सहा वर्षांत कोणाच्या बैठकीत मले कोणी असं आत घेतलं नव्हतं. मी घाटाचं सांगत बसलो, ती लिहीत बसली. मामीनं शेवटी मले चिमटा काढला की पोरगा पाहायले आणला हाये, त्यालेबी बोलू द्या.

ते कागद मी घडी करून घेऊन आलो.

हरिओम येताना गाडीत खिडकीकडे तोंड करून हसत होता. म्हणजे पसंत हाये. पोरीकडूनबी होकार आला. माघात साखरपुडा करू असं ठरलं. तुले आठ दिवस आधी यावं लागते, मामीचा हुकूम हाये. सोयरीक तू जमवली, आता मानबी तुझाच.

तुझा मामा
शेषराव

०

चाकण
१५ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. इथं थोडी गडबड आहे.

मागच्या आठवड्यात त्रेसष्ट नग परत आले. गाडी बनवणाऱ्या कंपनीत ते तापवून बघतात, उन्हात उभ्या गाडीसारखे. आमच्या तपासणीच्या कॅमेऱ्यातून ते काठावर पास झाले होते, पण तापल्यावर डिंक ओढला गेला आणि आकडा तिरका झाला. सगळे नग चार डिसेंबरच्या दुसऱ्या पाळीचे निघाले. तक्त्यावर समीक्षाची सही होती. बुधवारी चौकशी झाली. ती कंत्राटावर होती, त्यामुळे तिला काढलं. शुक्रवारी ती गावी गेली.

असं कामात होतं, मामा. कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. तुम्ही फार मनावर घेऊ नका.

मला लाइन लीडर केलंय. आता आठ जणींचं काम बघायचं असतं, वेळ मिळत नाही. थंडी फार आहे. तुमच्या गुडघ्यांना तेल लावत जा. मामींना सांगा की त्यांनी पाठवलेल्या शेवया खोलीत सगळ्यांना आवडल्या.

तुमची
प्रेरणा

०

देऊळगाव राजा
२ जानेवारी २०२५

चि. प्रेरणास,
आशीर्वाद.

तू लीडर झाली, मामीनं गल्लीत पेढे वाटले.

पण तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. समीक्षाचं तू आठ-दहा ओळींत उरकलं. एवढं मोठं झालं आन् तू मले शेवयांचं लिहिते, हे मले समजलं नाही.

मी खोटं बोलणार नाही, माझ्या मनात किडा शिरला हाये. मी गाडीवर होतो तेव्हा एका मेकॅनिकनं चाकाच्या नटा पाहिल्या म्हणून सही केली आन् पाहिल्याच नव्हत्या. चिखली रोडवर मागचं चाक डगमगलं. छप्पन माणसं होती आत. देवाची दया, गाडी हळू होती. त्या दिवसापासून न पाहता सही करणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात माया नाही. मंग तो कितीबी गोड असो.

लोक दहा तोंडांनी बोलून राह्यले. कोणी म्हणते मोबाइल पाहत होती, कोणी म्हणते साहेबांशी भांडली. मले लोकांचं घेणं नाही. तू तिथं होती. तू मले एवढंच सांग, त्या पोरीनं न तपासता सही केली का? हो की नाही. दुसरं काही लिहू नको, एका पोस्टकार्डावर एकच शब्द लिहून पाठव. साखरपुड्याले महिना राह्यला हाये. हरिओमले मी काही सांगितलं नाही.

तुझा मामा
शेषराव

०

देऊळगाव राजा
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रेरणास,
आशीर्वाद.

तुझं पोस्टकार्ड आलं नाही. पाच आठवडे मी रोज पोस्टमनच्या वाटेवर बसलो. हरिओमच्या फोनवर तू मामीशी बोलली, पण त्या विषयावर चकार शब्द काढला नाही म्हणे.

मी समजलो. मैत्रिणीबद्दल वाईट लिहायले तुझा हात उचलला नाही. यात तुझं चांगुलपण हाये, मी तुले दोष देत नाही. तुझ्या आईचाबी स्वभाव असाच होता.

परवा मी एकटाच सुलतानपूरले जाऊन आलो. तुळशीरामच्या घरी पाणीबी घेतलं नाही. त्याले म्हटलं, 'सही पोरीची होती का?' त्यानं मान हलवली, होती. म्हटलं, 'मंग माझ्याच्यानं हे जमणार नाही, मी एकतीस वर्षं लोकांचे जीव वाह्यले हायेत.' ती दारात उभी होती. हातात कागद होता, पेन होतं. लिहून मले दाखवायले पुढं आली. मी पाह्यलं नाही. मी चपला घातल्या.

हरिओम माझ्याशी बोलत नाही. बोलला तरी मले काय ऐकू येणार, पण आता तो तोंडबी हलवत नाही. दुकानातच जेवते. होईल हळूहळू.

तू येऊन जाजो. मामी आठवण काढते.

तुझा मामा
शेषराव

०

चाकण
१ जून २०२५

ती. मामांस,
सा. न.

तुमच्या पत्राला चार महिन्यांनी उत्तर लिहितेय. हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलं. या वेळी वाचून न बघता पेटीत टाकणार आहे.

समीक्षाचा काही दोष नव्हता. दोष माझा होता.

चार डिसेंबरला, तीन वाजायला दहा मिनिटं असताना, मी पिना काढून साचा पुसत होते. तिसरी पिन माझ्या चिमट्यातून निसटली आणि फरशीवर पडली. पडलेली पिन परत लावायची नाही, असा नियम आहे. हात वर करायचा, तपासणीच्या माणसाला बोलवायचं, नवी पिन लावायची, मापाचा आरसा ठेवून बघायचं. अर्धा तास लाइन बंद राहते आणि माझ्या नावापुढे नोंद होते. त्या शुक्रवारी लीडरचं नाव जाहीर होणार होतं. मी पिन उचलली, पुसली. टोकावर नख फिरवलं तर बारीकशी खोच लागली. मला कळलं होतं, मामा. मला काही कळलंच नव्हतं असं नाही. तरी मी ती लावली.

तीनला समीक्षा आली. नेहमीसारखा तिनं मापाचा आरसा पेटीतून काढला. साच्यात ठेवला असता तर तिला लगेच दिसलं असतं. मी तिला म्हणाले, "राहू दे, मी आत्ताच लावून पाह्यला. तू सही कर अन् सुरू कर, आपण पंधरा नग मागं हाओत."

ती म्हणाली, "पाह्यला ना नक्की?"

मी म्हणाले, "माझ्यावर भरोसा नाही का?"

तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले आणि पिन बदलून टाकली. म्हणून फक्त तिच्याच पाळीचे नग बिघडले. आमच्याकडे दोनच पाळ्या चालतात. मी माझा माल वाचवला आणि तिचा तेवढा राहिला.

चौकशीत साहेबांनी तिला विचारलं, "तपासलं होतं का?" ती म्हणाली, "नव्हतं." "मग सही का केली?" तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. किती वेळ पाहिलं ते सांगता येणार नाही. मी खाली वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. मग ती म्हणाली, "चूक झाली."

तुमचं पोस्टकार्डाचं पत्र आलं तेव्हा मी पोस्टकार्ड आणलं होतं. 'हो' लिहिलं असतं तर ते खरंच होतं. तिनं न तपासता सही केली होतीच. 'नाही' लिहिलं असतं तर खोटं. त्या दोन्ही शब्दांत मी कुठेच नव्हते, आणि तुम्ही दुसरं काही लिहू नको म्हणाला होतात, याचा मी आधार घेतला. मला वाटलं, गप्प बसले तर कुणाचं नुकसान करत नाहीये. मग तुमचं दुसरं पत्र आलं. त्यात तुम्ही माझं चांगुलपण लिहिलं होतं. ते पत्र मी उशीखाली ठेवू शकले नाही, टाकूही शकले नाही.

मे महिन्यात खोलीतल्या एकीकडून कळलं की समीक्षाचं लग्न झालं. डोणगावला दिली.

गेल्या सोमवारी आमच्या लाइनवर नवीन आलेल्या सिंधूताई, वय पंचेचाळीस, त्यांच्या हातून पिन पडली. त्यांनी लगेच हात वर केला. "ताई, माझ्या हातनं पडली," म्हणाल्या, तेही हसत. पिन बदलली, तपासणी झाली, लाइन परत सुरू झाली. मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. अर्धा तासही नाही. कुणी त्यांना काही बोललं नाही.

मी त्याच दिवशी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ते कागद कधीच बंद झाले, आता कशाला उकरतेस?" मी समीक्षाचा दोष नव्हता असं लिहून मागितलं. ते म्हणाले, कंपनी असं लिहून देत नाही. माझं लीडरपद काढलं, परत बाकावर बसवलंय. एवढीच शिक्षा. मला जास्त हवी होती.

माफी मागायला तोंड नाही.

प्रेरणा

०

देऊळगाव राजा
१२ जून २०२५

प्रेरणास,

पत्र पोचलं. हरिओमले वाचायले दिलं. त्यानं वाचलं, घडी केली, माझ्या हातात ठेवलं. मंग बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे पाहून तोंड हलवलं. मले ओठांवरून समजलं. म्हणाला, 'तुम्ही तिचा कागद काऊन नाही वाचला?'

तू गप्प बसली, ते तुझं पाप. पण ती पोरगी पेन-कागद घेऊन माझ्यासमोर उभी होती. बहिऱ्या माणसाले सांगायचा दुसरा रस्ता तिच्यापाशी नव्हता, हे मले माहीत होतं. तरी मी चपला घातल्या. हे माझं. ते मी तुझ्यावर ढकलणार नाही.

तिनं पहिल्या दिवशी लिहिलेले ते कॅलेंडरचे कागद मी फेब्रुवारीत बंबात टाकले. आज बंबापाशी जाऊन बसलो, काय पाहायले कोण जाणे.

मी तुळशीरामकडे जायले निघालो होतो. मामीनं अडवलं. म्हणाली, आता त्या पोरीच्या सासरी कळलं की हिचं एक ठरलेलं मोडलं होतं, तर तिलेच त्रास. मले ते पटलं. माझं जाणं म्हणजे माझं मन हलकं करणं होईल, तिचं काही भलं होणार नाही.

तू माझ्याजवळ कबूल केलं, ते सोपं होतं. मी मामा हाये. आधी तिले सांग. ती काय म्हणते ते कर. तोवर या दारात येऊ नको. आल्यावर मामी तुले जेवू घालीन आन् मले ते पाहवणार नाही.

शेषराव

०

डोणगाव
६ जुलै २०२५

प्रेरणा,

तुझं पत्र मिळालं. इथं माझ्या नावानं आलेलं हे पहिलंच पत्र. सासूबाईंनी विचारलं कुणाचं, मी मैत्रिणीचं म्हणून सांगितलं. शब्द तोंडातून गेल्यावर वाटलं, दुसरं काय सांगणार होते.

तू नवीन काहीच लिहिलं नाहीस. मला सगळं माहीत होतं. त्या दिवशी पहिलाच आरसा बसवला तेव्हा हाताला जाणवलं होतं. दर वेळी आरसा पिनांवर टेकताना जसा बसतो, तसा तो बसला नाही. मी थांबले होते. मग वाटलं, प्रेरणानं आत्ताच पाहिलंय. माझ्या हातापेक्षा तुझ्या शब्दावर भरोसा ठेवला, एवढी माझी चूक आहे, आणि ती मी कबूल केली.

चौकशीत मी तुझं नाव घेऊ शकत होते. घेतलं नाही, ते तुझ्यावर उपकार म्हणून नाही. मला वाटलं तू सांगशील. मी आधी सांगितलं असतं, तर तुझं सांगणं राहून गेलं असतं. म्हणून तुला वेळ दिला. तू वहीत काय लिहीत होतीस गं?

घरी आल्यावर बाबांनी एकच विचारलं, "सही तुझी हाये का?" मी म्हटलं, "हाये, पण—" तो 'पण' त्यांनी ऐकला नाही. "मंग संपलं," म्हणाले. मी त्यांना परत सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, दुसऱ्याच्या अंगावर ढकलू नको, त्याच पोरीनं माह्यापाशी रदबदली केली होती तुह्यासाठी. मग देऊळगावचे मामा येऊन गेले. त्यानंतर जे पहिलं स्थळ आलं ते. घर वाईट नाही. हे दालमिलमध्ये जातात, शांत आहेत. मी तक्रार करत नाही. पण इथं मला कुणी विचारलं नाही की तुझा हात कशात चांगला आहे. आणि आता मी स्वतःही विचारत नाही.

कंपनीनं परत बोलावलं तरी मी येणार नाही. मामांवर माझा राग नाही. हरिओमबद्दल मला काही लिहू नकोस. कधीच.

तू विचारलंस, मी काय करू. माफी मला मागू नकोस, मी देईन आणि तुझं काम होऊन जाईल. माझ्या बाबांना जाऊन सांग. फोनवर नाही, पत्रानं नाही. त्यांच्यासमोर उभी राहून. ते माझ्याशी चांगलं बोलतात, येताना भाजी आणतात, पण ते मला खोटारडी समजून माझ्याशी चांगलं बोलतात. ते मला सहन होत नाही.

सकाळी ते भेंडीच्या वावरात असतात.

समीक्षा

०

चाकण
२७ जुलै २०२५

ती. मामांस,
सा. न.

काल सुलतानपूरला जाऊन आले. गाडी देऊळगाव राजाच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबली होती, मी उतरले नाही. समीक्षाला आधीच लिहिलं होतं. तिनं जे सांगितलं ते केलं. आता दारात येऊ का, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी मी समजेन.

तुळशीरामकाका भेंडी तोडत होते. मला ओळखलं. "तूच ना ती फोनवाली?" म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिन पडली इथपासून, वहीत लिहीत बसले तिथपर्यंत. ते ऐकताना तोडत राहिले. एका ओळीच्या शेवटाला गेले, दुसऱ्या ओळीनं परत आले. मी त्यांच्या बाजूनं चालत चालत सांगत होते. सुभद्राबाई बांधावर टोपली घेऊन उभ्या होत्या, त्या मात्र खाली बसल्या.

माझं सांगून झालं तेव्हा काका थांबले.

"किती तास लागले इथवर याले?"

"दहा."

"आन् तोंड उघडाले?"

"आठ महिने," मी म्हणाले.

ते रागानं बोलले नव्हते. खरंच हिशोब लावत होते असं वाटलं. मग म्हणाले, "ते तुझं तुह्यापाशी. माह्यं काय? पोरगी तीन येळा सांगाले आली माह्यापाशी. तिसऱ्या येळी मी रेडिओ लावला." एवढं बोलून त्यांनी हातातली भेंडी टोपलीत टाकली. सुभद्राबाई म्हणाल्या, "मी म्हनत होती तुमाले, पोरीचं ऐका." ते म्हणाले, "हाव, तू म्हनत होती."

मला कुणी बस म्हणालं नाही, जाही म्हणालं नाही. शेवटी मीच नमस्कार करून निघाले आणि हायवेवरच्या थांब्यावर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. अर्ध्या तासानं बघते तर समोरच्या बाजूला, मेहकरकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात तिथं, काका. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, हातात काहीच नाही. भाजीची पिशवीसुद्धा नाही. डोणगावला निघाले होते.

त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. मग थोड्या वेळानं परत माझ्याकडे वळले आणि रस्त्यापलीकडून ओरडले, "पोरी! मले तिले बराबर सांगायचं हाये. ते काय पडलं म्हनली?"

"पिन, काका!"

मध्ये ट्रक गेला. ते कानाला हात लावून उभे होते.

"आन् कोनाच्या हातून?"

"माझ्या!"

अजून एक ट्रक गेला. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी मान हलवून परत विचारलं, कोणाच्या? थांब्यावरची माणसं माझ्याकडे बघायला लागली होती. पानटपरीवाला बाहेर येऊन उभा राहिला. मी बॅग खाली ठेवली, दोन पावलं रस्त्यात गेले आणि जेवढा आवाज होता तेवढ्यानं ओरडले, "माझ्या हातून पडली! माझ्या! समीक्षाच्या नाही!"

त्यांनी हात वर केला, ऐकू आलं म्हणून. तेवढ्यात त्यांची गाडी आली.

तुमची
प्रेरणा